बेथानी येथील अश्रू

योहानकृत शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय आमच्या मंडळ्यांत वारंवार वाचला जातो. तो बहुधा दफनाच्या वेळी वाचला जातो, आणि वाचणारा घाईने शेवटाकडे धावतो, कारण लाजर कबरेतून बाहेर आला ही सुवार्ता ऐकण्यास सर्वांचे कान आतुर झालेले असतात. आज आम्ही वाचकांस विनंती करितो की, त्यांनी कबरेपर्यंत जाण्याची घाई करू नये. गावाच्या वेशीबाहेर जेथे मरीया प्रभूच्या पायांशी पडली, तेथेच थोडा वेळ उभे राहावे.

आमच्या खेड्यांत एक शिकवण रूढ झाली आहे, ती अशी की, खऱ्या ख्रिस्ती माणसाने रडू नये. घरात मृत्यू झाला की कोणीतरी वडीलधारे पुढे होऊन विधवेस सांगते, बाई, डोळे पूस, तुझा विश्वास कोठे गेला? ही शिकवण कोठून आली हे आम्ही जाणतो. आमच्या पूर्वजांनी प्रभूस स्वीकारिले तेव्हा ऊर बडवून केलेला आक्रोश त्यांनी सोडून दिला, कारण ज्यात आशा नाही असा शोक आपला नव्हे असे त्यांस वाटले. त्यांचा हेतू चांगला होता. परंतु वाळलेली वेल काढिताना त्यांनी मांडवही उपटिला. गावातल्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडून गेलेल्या माणसाचे गुण सांगत, त्याचे बोलणे, त्याची आवडनिवड, त्याचे रागावणे आठवत, आणि त्या रडण्यात पुष्कळसे दुःख वाहून जाई. आम्ही तो रिवाज टाकिला, पण त्याच्या जागी काय ठेविले? एक उपासना, दोन गीते, चहा, आणि दुसऱ्या दिवसापासून सर्वांचे मौन.

पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय ह्या शिकवणीच्या आधारासाठी पुढे केला जातो. तो अध्याय नीट वाचावा. प्रेषित तेथे शोक करू नका असे सांगत नाही. ज्यांस आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असा त्याचा आशय आहे. शोक आहेच असे तो गृहीत धरितो आणि त्या शोकात आशा मिसळतो. पाण्यात साखर घातल्याने पाणी नाहीसे होत नाही. हाच प्रेषित एपफ्रदीत ह्याच्या आजारपणाविषयी फिलिप्पैकरांस लिहितो, तेव्हा तो मेला असता तर आपल्यावर दुःखावर दुःख आले असते असे उघड कबूल करितो. मृत्यूची नांगी मोडली गेली असे ज्याने लिहिले, त्याच पौलाची ही कबुली आहे.

आता बेथानीकडे वळू. यरुशलेमेपासून कोसभराच्या अंतरावरील ते लहानसे गाव. लाजर आजारी असल्याचा निरोप आल्यावरही प्रभू दोन दिवस जेथे होता तेथेच राहिला, आणि तो आला तेव्हा लाजरास कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. प्रथम मार्था भेटली, नंतर मरीया. दोघी बहिणींचे गाऱ्हाणे एकच होते: प्रभू वेळेवर आला असता तर आमचा भाऊ वाचला असता. शब्दही जवळजवळ तेच. परंतु प्रभूने दोघींस एकच उत्तर दिले नाही. मार्थेला बोलावयाचे होते, विचारावयाचे होते. तिच्याशी तो पुनरुत्थानाविषयी बोलला. मरीया मात्र पायांशी पडली आणि रडू लागली. तिला त्याने एकही सिद्धांत सांगितला नाही. तिला रडताना पाहून तो आत्म्यात व्याकूळ झाला, त्याला कोठे ठेविले आहे एवढेच त्याने विचारिले, आणि त्याच्या डोळ्यांतून आसवे वाहू लागली.

ह्यात एक गोष्ट आम्हांस फार दिवस समजली नव्हती. लाजराला उठवावयाचे आहे हे प्रभूला ठाऊक होते. तसे त्याने निघण्याआधीच शिष्यांस सांगितले होते. आणखी घटकाभराने हे घर आनंदाने भरून जाणार हे जो जाणत होता, त्याला रडण्याचे कारण काय? त्याने मरीयेस असे म्हणावयास हवे होते की, बाई, थोडा दम धर, आता पाहा काय होते ते. आम्ही असतो तर नेमके हेच म्हणालो असतो. त्याने तसे म्हटले नाही. पुढे होणाऱ्या आनंदाने आताचे दुःख खोटे ठरत नाही, हे त्याने आपल्या अश्रूंनी शिकविले. जो प्रभू पाप करू शकत नाही तो जर रडला, तर रडणे हे पाप नव्हे आणि अविश्वासही नव्हे. सेमिनरीत आम्ही ह्या अध्यायावर एक मोठा निबंध लिहिला होता आणि त्यास चांगले गुणही मिळाले होते. परंतु हा मुद्दा त्या निबंधात कोठेही नव्हता.

तो आम्हांस कसा समजला ते सांगणे भाग आहे, जरी ते सांगताना लाज वाटते.

1 नव्हे, 100 नव्हे, पुष्कळ घरांनी 2021 चा एप्रिल महिना पाहिला आहे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमचे वडील बंधू जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात वारले. त्या दिवसांत अंत्यविधीस 20 पेक्षा अधिक माणसांनी जमू नये असा सरकारी हुकूम होता, आणि ज्यांचा मृत्यू त्या रोगाने झाला त्यांच्या बाबतीत तर घरच्यांसही दूर उभे राहावे लागे. दादांचे मुख आम्हांस पाहता आले नाही. त्यांस स्नान घालता आले नाही, त्यांच्या अंगावर त्यांचा पांढरा सदरा घालता आला नाही. दफनभूमीच्या भिंतीजवळ उभे राहून आम्ही विधी वाचला आणि आईने तो गावी फोनच्या पडद्यावर पाहिला. संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा ती ओसरीत बसून मोठ्याने रडत होती. आम्ही तिला म्हणालो, "आई, रडू नको. दादा प्रभूजवळ आहेत. तूच अशी रडू लागलीस तर मंडळी काय शिकेल?"

आई रडावयाची थांबली.

ती आज्ञाधारक स्त्री आहे. आपला धाकटा मुलगा पाळक आहे ह्याचा तिला अभिमान आहे, आणि पाळकाने सांगितले म्हणजे देवाने सांगितले असे ती मानिते. त्या दिवसापासून तिने दादांचे नाव घेतले नाही. भिंतीवरचा त्यांचा फोटो तिने उतरवून पेटीत ठेविला. आम्ही मनात म्हणालो, पाहा, आईने किती धैर्याने हे सोसले! मंडळीपुढेही आम्ही तिचे उदाहरण दिले. पुढच्या रविवारी आम्ही फोनवरून आनंदाविषयी उपदेश केला आणि तो पुष्कळांस आवडला.

परंतु त्या घरात आनंद राहिला नव्हता. आईचे जेवण घटले. ती रात्री उठून अंगणात फिरे. आम्ही स्वतः लहानसहान कारणांवरून पत्नीवर चिडू लागलो, मुलाने पेला सांडिला तरी ओरडू लागलो. शास्त्र उघडावे तर अक्षरे कोरडी दिसत. हे सर्व थकव्यामुळे होत आहे असे आम्ही समजत होतो. अन्नाशिवाय राहिलेले मूल जसे भूक लागली असे न म्हणता किरकिर करिते, तसा कोंडलेला शोक शोक म्हणून ओळखू येत नाही. तो रागाचे, आजाराचे, आळसाचे, कधी अति उद्योगाचेही सोंग घेतो.

ह्यासंबंधी एक गोष्ट वाचकांस सांगण्याजोगी आहे. 28 नोव्हेंबर 1942 रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात कोकोनट ग्रोव्ह नावाच्या करमणूकगृहास आग लागली आणि तीत 492 माणसे मेली. एरिख लिंडेमान नावाच्या डॉक्टरांनी त्या आगीतून वाचलेल्यांची व मेलेल्यांच्या आप्तांची शुश्रूषा केली, आणि 1944 साली आपले निरीक्षण छापून प्रसिद्ध केले. शोक हे एक काम आहे, ते करावेच लागते, आणि जे ते टाळतात त्यांस ते पुढे केव्हातरी अधिक विकृत रूपाने गाठते, असे त्यांस दिसून आले. त्या लेखाच्या कित्येक शतके आधी इस्राएल लोकांस हे काम माहीत होते. मोशे मेला तेव्हा त्यांनी मवाबाच्या मैदानात तीस दिवस शोक केला. अहरोनासाठीही तीस दिवस. याकोबासाठी मिसरी लोकांनी सत्तर दिवस शोक केला आणि योसेफाने त्यानंतर आणखी सात दिवस विलाप मांडिला. वचनदत्त देश समोर दिसत असताना, यार्देन ओलांडावयाची असताना, सबंध राष्ट्र एका माणसासाठी महिनाभर थांबले! आमच्या मंडळीत तिसऱ्या दिवशी विधवेस विचारितात की, बाई, रविवारी उपासनेस का आली नाहीस.

आता आमची गोष्ट पुरी करितो. 2022 च्या डिसेंबरात, म्हणजे वीस महिन्यांनी, आमच्या मंडळीतील एक वृद्ध बाई आईस भेटावयास आली. तिला अक्षरओळख नाही. सबंध आयुष्य तिने दुसऱ्याच्या शेतात खुरपणी केली, आणि तिचे दोन मुलगे तिच्या आधी गेले आहेत. ती ओसरीवर आईजवळ बसली आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "पाळकबाबा, आमच्या घरी कुणी गेलं तर तुम्ही येऊन बसता. तुमच्या घरी कुणी बसलंच नाही." मग तिने आईचा हात हातात घेतला आणि विचारिले, "थोरला कसा होता गं लहानपणी?"

एवढाच प्रश्न. आईने दादांचे नाव घेतले, आणि तिचा बांध फुटला. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत ती बोलत होती. आम्ही आतल्या खोलीत बसून ऐकत होतो. दादा चार वर्षांचे असताना विहिरीत पडता पडता कसे वाचले, पहिल्या पगाराचे लुगडे त्यांनी कसे आणिले, त्यांस शिळी भाकरी ताकात कुस्करून कशी आवडे, हे सर्व तिने सांगितले. आणि मग तिने ते सांगितले जे आम्हांस ठाऊक नव्हते. शेवटल्या रात्री दादांनी दवाखान्यातून तिला फोन केला होता. त्यांस श्वास पुरत नव्हता. ते म्हणाले, आई, आपल्या विहिरीचे पाणी प्यावेसे वाटते. आई म्हणाली, उद्या पाठविते. हे ओझे ती वीस महिने एकटी वाहत होती. त्या बाईने विचारिले, "मग लेकाला का नाही सांगितलंस?" आई म्हणाली, "त्यानं रडू नको म्हटलं होतं."

त्या दिवशी आम्ही आमच्या उपदेशांची वही उघडिली नाही.

प्रिय बंधुभगिनींनो, पहिल्या शमुवेलाच्या पहिल्या अध्यायात हन्नेची कथा आहे. तीत जो एली याजक आहे तो आम्हीच. पनिन्ना हन्नेला टोचून बोले, तिला मूल नव्हते. तिचा नवरा एलकाना प्रेमळ होता, पण दुःखाशी कसे वागावे हे त्यालाही ठाऊक नव्हते. दहा मुलांपेक्षा मी तुला अधिक नाही काय, असे विचारून तो तिचे दुःख मापाने मोजू लागला. शिलो येथे ती देवापुढे इतकी कळवळून प्रार्थना करीत होती की, तिचे ओठ हलत पण शब्द ऐकू येत नसत. एलीला वाटले ही बाई दारू प्यालेली आहे! देवाच्या घरात बसलेल्या याजकाला प्रार्थना आणि नशा ह्यांतला भेद कळला नाही. परंतु हन्ना गप्प बसली नाही. मी प्यालेली नाही, मी माझे मन परमेश्वरापुढे ओतीत आहे, अशा अर्थाचे तिने नम्रपणे त्याला सांगितले. आणि एलीचे एक चांगले की, त्याने आपली चूक कबूल करून तिला आशीर्वाद दिला. ह्यानंतर जे घडले तिकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. ती गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा म्लान राहिला नाही. शमुवेल अद्याप जन्मला नव्हता. तिचे मागणे अद्याप मान्य झाले नव्हते. पनिन्ना अद्याप त्याच घरात होती. बाहेरचे काहीच बदलले नव्हते, तरी तिला अन्न गोड लागले, कारण जे आत कोंडले होते ते योग्य जागी ओतले गेले होते.

योग्य जागी, हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले. दुःख ओतण्याच्या अयोग्य जागाही आहेत. आमच्या गावांत पुरुषमाणसाने रडणे हे बायकीपणाचे मानितात, म्हणून तो गुत्त्याकडे जातो. तेथे मात्र त्याच्या रडण्यास कोणी हसत नाही. पण दारूत बुडविलेले दुःख बुडत नाही, ते पोहावयास शिकते. आणि सकाळी बायकोच्या पाठीवर त्याचे वळ उमटलेले दिसतात. कोणी आपले दुःख भाऊबंदांच्या वैरात ओतितो आणि तेच ते उणेदुणे वर्षानुवर्षे उगाळीत बसतो. उगाळणे आणि ओतणे ह्यांत अंतर आहे. ओतणारा कोणापुढे तरी ओतितो आणि उत्तराची वाट पाहतो.

देवापुढे ओतिताना शब्द निवडण्याची जरूरी नाही. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत, आणि त्यांतली पुष्कळशी गाऱ्हाण्याचीच आहेत. तेराव्या स्तोत्रात दावीद चार वेळा विचारितो की, हे कोठवर चालणार. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. त्याच्या शेवटी स्तुतीचा शब्द नाही, आशेचा किरण नाही. आमच्यासारख्या कोणा पाळकाच्या हाती ते पडले असते तर आम्ही शेवटी एक कडवे जोडून दिले असते. पवित्र आत्म्याने ते तसेच राहू दिले. छप्पन्नाव्या स्तोत्रात देव आपली आसवे बुधलीत भरून ठेवितो असा भाव आहे. जो अश्रू जपून ठेवितो तो ते ढाळल्याबद्दल रागावेल काय?

एलीयाकडेही पाहा. ईजबेलीच्या धाकाने पळालेला तो संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागू लागला. देवाच्या दूताने त्याला उपदेश केला नाही. भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू त्याच्या उशाशी ठेविला, त्याला खाऊ घातले, निजू दिले, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले. होरेबावरची मंद वाणी त्यानंतर, चाळीस दिवसांनी. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे त्याच्या चुलीकडे आधी पाहावे. पंधराव्या दिवशी, जेव्हा पाहुणे परतलेले असतात, तेव्हा पिठल्याचे भांडे घेऊन जाणारी बाई पुष्कळ प्रवचनांपेक्षा अधिक सांत्वन करिते.

उपदेशक बंधूंनो, तुमच्याशी थोडे वेगळे बोलावयाचे आहे. तुम्हांपैकी कित्येकांस चार चार गावे सांभाळावी लागतात, आणि दुःखाच्या घरी प्रथम तुम्हीच पोहोचता. ईयोबाच्या तीन मित्रांनी एक गोष्ट फार चांगली केली: सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. आठव्या दिवशी त्यांनी तोंड उघडिले आणि सर्व बिघडले. ते देवाची बाजू मांडीत होते, आणि देवाने शेवटी त्यांच्यावरच कोप केला. ज्याने कण्हत, भांडत, आपल्या जन्मदिवसास दोष देत प्रश्न विचारिले, त्या ईयोबाचे बोलणे देवाने बरोबर ठरविले. यास्तव दुःखाच्या घरी गेल्यावर ही देवाची इच्छा होती असे म्हणू नका. ते खरे असेल तरी ते सांगण्याचा अधिकार त्या दिवशी तुम्हांस नाही. दुसऱ्याचे मोठे दुःख दाखवून ह्याचे लहान करू नका. गेलेल्या माणसाचे नाव घ्या. पुष्कळ लोक ते नाव टाळितात, न जाणो घरच्यांस वाईट वाटेल. घरच्यांस ते नाव ऐकण्याचीच तहान असते. लहान मुलांस आजी गावाला गेली असे खोटे सांगू नका, ती वाट पाहत बसतात. आणि निघताना पुढे केव्हा येणार तो वार सांगा, आणि त्या वारी जा.

नामी मवाबातून नवरा व दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमास परतली तेव्हा तिने गावच्या बायांस स्पष्ट सांगितले की, मला आता गोड नावाने हाक मारू नका, माझे जिणे कडू झाले आहे. त्या बायांनी तिला गप्प केले, किंवा तिच्याशी वाद घातला, असे शास्त्रात नाही. पुढे रूथेला मूल झाले तेव्हा त्याच शेजारणी जमल्या आणि त्यांनीच मुलाचे नाव ओबेद ठेविले. ज्यांनी कडू बोल ऐकून घेतले त्यांसच बारशाचा मान मिळाला.

येथे कोणी विचारील की, मग रडतच बसावे काय? नाही. दाविदाने अबशालोमासाठी वेशीवरच्या माडीत जो आकांत केला तो त्याने करावयास हवाच होता. पण त्याचे लोक बाहेर ताटकळत होते, आणि अखेरीस तो उठून वेशीत येऊन बसला. यवाबाची जीभ कठोर होती, तरी त्याचे सांगणे अगदीच खोटे नव्हते. पेरणीचा दिवस आला की दुःखितानेही तिफण धरावी. काम हेही औषध आहे, मात्र ते शोकाच्या जागी घेऊ नये, शोकाबरोबर घ्यावे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आम्हांस ह्या ठिकाणी आठवते. तरुणपणी दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आईबाप व वडील बहीण अन्नान्न होऊन गेली. 1880 साली एकुलता भाऊ गेला, 1882 साली पती गेले, आणि 1921 साली, त्यांच्या स्वतःच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, एकुलती मुलगी मनोरमा गेली. त्यांनी केडगाव येथे केवढे कार्य उभारिले हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु लोक विसरतात ते हे की, त्यांनी आपल्या भुकेची व आपल्या प्रेतांची गोष्ट लपवून ठेविली नाही. ती त्यांनी लिहिली, छापिली, चारचौघांत सांगितली. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात जाऊन उपाशी मुलींस घेऊन आल्या, तेव्हा त्या मुलींच्या डोळ्यांत काय आहे हे त्यांस कोणी समजावून सांगावे लागले नसेल. ज्या सांत्वनाने देव आमचे सांत्वन करितो त्यानेच आम्ही दुसऱ्यांचे करावे, असे पौल करिंथकरांस लिहितो. त्यासाठी आधी आपले सांत्वन होऊ द्यावे लागते.

ज्या तरुणांस बोलता येत नाही पण लिहिता येते, त्यांनी वहीत लिहावे. 1986 साली पेनेबेकर नावाच्या एका अमेरिकन पंडिताने विद्यार्थ्यांकडून सलग चार दिवस, दररोज पंधरा मिनिटे, आपले दुःख लिहवून घेतले. प्रथम त्यांस वाईट वाटले, पण पुढील काही महिन्यांत त्यांचे दवाखान्यात जाणे कमी झाले. दाविदाचीही वही होती असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आणि काही दुःखे अशी असतात की, त्यांस शेजारीण पुरत नाही, पाळक पुरत नाही. सहा महिने, वर्ष लोटले तरी माणूस अंथरुणातून उठत नाही, खात नाही, गेलेल्याच्या मागे जाण्याच्या गोष्टी करितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या, जानेवारी 2022 पासून अमलात आलेल्या, रोगांच्या यादीत असा लांबलेला शोक हा उपचार करण्याजोगा विकार म्हणून नोंदिला आहे. हातपाय मोडला तर आम्ही हाडाच्या डॉक्टरकडे जातो आणि त्यात विश्वासाला कमीपणा मानीत नाही. मन मोडले तर तो का मानावा? लूक स्वतः वैद्य होता. सरकारने 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलि-मानस नावाची विनामूल्य सोय केली आहे. 14416 ह्या क्रमांकावर रात्री-बेरात्रीही फोन करता येतो आणि मराठीत बोलता येते. उपदेशकांनी हा क्रमांक प्रार्थनामंदिराच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला आणि जो वाचला, त्याला मंडळीसमोर उभे करून पापी म्हणण्याची जी चाल काही गावांत आहे तिला शास्त्रात आधार नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही अशा माणसास शिक्षेचा नव्हे तर मदतीचा धनी मानिले आहे. एलीयाने मरण मागितले तेव्हा देवाने त्याला भाकर दिली.

दादांचा फोटो आईने पुन्हा भिंतीवर लाविला आहे. ती अजून रडते, पण आता जेवते आणि रात्री झोपते. 2023 सालापासून आम्ही वर्षाच्या शेवटल्या रविवारी उपासनेत गेलेल्यांची नावे वाचितो, आणि प्रत्येक नावानंतर घरच्यांपैकी कोणी काही सांगू इच्छील तर त्याला सांगू देतो. पहिल्या वर्षी यादीत चौदा नावे होती. त्यांतील कोरोनात गेलेल्यांची नावे वाचिली गेली तेव्हा मंदिरात असे रडणे झाले की, बाहेर चालणारे लोक थांबून पाहू लागले. आम्ही गीत सुरू करून ते झाकिले नाही. नावे संपली असे वाटून आम्ही पुस्तक मिटीत होतो, तोच मागच्या ओळीत बसलेला, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा एक गृहस्थ उभा राहिला. तो मंडळीत कधी बोलत नाही. त्याने एका मुलीचे नाव घेतले. 2009 साली ती अकरा दिवसांची असताना गेली होती, बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून तिचे नाव मंडळीच्या नोंदवहीत कोठेच नव्हते. चिटणीसांनी पेन्सिलीने ते यादीच्या तळाशी लिहून घेतले. तेव्हा बायांच्या चटईवरून त्याची बायको म्हणाली, घरात आम्ही तिला दुसऱ्याच नावाने हाक मारीत होतो, तेही लिहा.